तिसावा पेशंट

लातूर, २ मे २०२५

अक्षरा,

खुशाली नंतर विचारतो. आधी भांडण.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मला ते कळायलाच दोन दिवस लागले, कारण मला वाटलं टॉवर गेला. मोबाईलच्या दुकानात जाऊन मी त्या माणसावर ओरडलो. त्यानं माझा फोन हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "दादा, टॉवर चांगला हाय. समोरच्या माणसानंच तुमाला बंद केलंय." पाच गिऱ्हाईकं उभी होती. पाचही जणांनी माझ्याकडं बघितलं.

मान्य, एका दुपारी मी सतरा फोन केले. पण पहिला उचलला असतास तर एकच झाला असता.

दुसरं. तुझ्या स्टेटसला फोटो होता. पांढरा ॲप्रन घातलेली तू, आणि शेजारी पांढरा ॲप्रन घातलेला एक उंच माणूस, भांग पट्टी धरून पाडल्यासारखा. तो कोण, एवढंच सांग. मी चिडलेलो नाही. हे वाक्य तीनदा खोडून लिहिलंय, म्हणजे खरंच चिडलेलो नाही.

माझं म्हणशील तर मामाच्या दुकानात बसून राहिलोय. इंजिनियरिंग सोडून वर्ष होत आलं तरी घरी पाहुणे आले की आई सांगते, संगूनं ब्रेक घेतलाय. वर्कशॉपच्या सरांच्या टेबलावर जर्नल आपटून घेतलेला ब्रेक. गोलाईच्या बाजारातलं हे काष्ठौषधीचं दुकान, म्हणजे हिरडा, बेहडा, शिकेकाई, डिंक, बिब्बे. दिवसभर पुड्या बांधतो आणि अकरावीच्या ट्युशनमध्ये तू माझ्या पुढच्या बाकावर बसायचीस ते आठवतो. ही ओळ खोडणार होतो. राहू दे.

ब्लॉक काढ.

संगमेश्वर

*

नांदेड, ७ मे २०२५

संगमेश्वर,

होस्टेलच्या वॉचमनकाकांनी तुझं पत्र माझ्या हातात देताना पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे तेच का, मार्चमध्ये गेटवर मला कायदा शिकवून गेलेले?" मी म्हटलं, तेच.

ब्लॉक निघणार नाही. कारण ऐक.

सुट्टीत मी डॉक्टर लेनमध्ये उमादेवी मॅडमकडं जाते. त्या त्वचेच्या डॉक्टर. दहा ते दोन त्यांच्या खुर्चीच्या मागं सावलीसारखं उभं राहायचं, बघायचं, शिकायचं. बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मला नुसता खोकला आला तर मॅडमनी मागं वळून बघितलं. तुझे सतरा फोन आले तेव्हा एक आजोबा पाठ उघडी टाकून बसले होते आणि माझी पर्स कपाटावर थरथरत होती. मॅडम म्हणाल्या, "घरी काही वाईट झालंय?" मी म्हटलं, नाही. "मग ज्याला एवढं बोलायचंय त्याला पत्र लिहायला सांग." म्हणून पत्र. पत्रात सतरा वेळा तेच लिहायचा माणसालाच कंटाळा येतो.

फोटोतला आदर्श. देगलूरचा, माझ्याच वर्गातला. आम्ही दोघं मॅडमच्या हाताखाली एक अभ्यास करतोय. विषय, बिब्बा उतणे. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, सूज चढते, ते कुणाला, कशामुळं, किती दिवसांनी. तीस पेशंट हवेत, तीस जूनच्या आत. झाले तर सप्टेंबरमध्ये हैदराबादला मोठ्या डॉक्टरांच्या सभेत उभं राहून मी तो वाचणार. मला ते फार हवंय, संगू. शाळेत बक्षीस घेताना सोडलं तर मी कधी व्यासपीठावर चढलेली नाही. आज अकरा झालेत.

आता तुझ्याकडं काम. तुझ्या दुकानात बिब्बा विकतोस ना? सोबत दहा कोरे फॉर्म पाठवतेय. बिब्बा नेणाऱ्या दहा माणसांना विचारून भर. हे तीस पेशंटांत धरायचे नाहीत, लोक बिब्बा कशाला वापरतात ते कळायला हवेत. न ओरडता.

आणि काम संपेपर्यंत नांदेडला यायचं नाही.

अक्षरा

*

लातूर, १६ मे २०२५

अक्षरा,

दहा फॉर्म भरून पाठवून राहिलोय. एकावर चहा सांडलाय, तो गिऱ्हाइकाचा.

पहिल्या साखराबाई. दर शनिवारी एक बिब्बा नेतात. कशाला, विचारलं. "दारावर बांधायला, लिंबूमिरचीसंगं." अंगाला उतला का कधी? "मला न्हाई उतत. सुनेला उततो." सुनेला कसा काय? "बांधती कोण मग?" त्यांनी नंतर मलाच विचारलं की हे सगळं लिहून घेऊन सरकार सुनेला काही देणार आहे का.

चार नंबरचा माणूस मुरुडचा. टाचेच्या भेगेत बिब्बा पोळून भरतो. उतला तर काय करता? "दुसऱ्या टाचेला लावत न्हाई." फॉर्ममध्ये याला जागा नव्हती, मी बाजूला लिहिलंय.

सातवे निवृत्तीकाका, परीट. तुमच्या आणि आमच्या, दोन्ही घरचे कपडे तेच नेतात. बाकीचे परीट आता मार्करनं खुणा करतात, हे अजून बिब्ब्यानं. सुई बिब्ब्यात टोचायची, कपड्याच्या आतल्या बाजूला ठिपके आणि रेघा काढायच्या, वरून ओला चुना. दर घराची खूण वेगळी. कापड विरतं पण खूण जात नाही. काका म्हणाले, "तीस वर्षांत एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेला न्हाई माझ्याकडून. कुठंबी पडू दे, खूण बघितली की घर कळतं." तेवढ्यावरनं मी तासभर त्यांच्याशी बोलत बसलो. कोणत्या घरची खूण कशी, सगळं विचारलं. का, ते तुला सांगणार नाही.

आदर्शची उंची किती हाय? अभ्यासासाठी विचारतोय.

संगमेश्वर

*

नांदेड, २२ मे २०२५

संगमेश्वर,

साखराबाईंचा फॉर्म मॅडमनी मोठ्यानं वाचला आणि मास्कच्या आत हसल्या. त्या हसलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. म्हणाल्या, "हा तुझा माणूस ऐकतो चांगलं." मी म्हटलं, लिहिताना ऐकतो.

एकोणीस झाले. परवा किनवटकडच्या तिघी आल्या. बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायचं काम करतात. तू लाडवात खातोस ती. तिघींच्या बोटांची कातडी झाडाच्या सालीसारखी. "किती दिवसांपासून?" विचारलं तर एक म्हणाली, "हात असेच असतात की." दवाखान्यात आली होती ती केस गळतात म्हणून. मला मागं उभं राहून गप्प बसणं त्या दिवशी जड गेलं.

आदर्शला तेलुगू येतं, म्हणून सीमेकडचे पेशंट त्याच्याशी मोकळं बोलतात. तो पट्टीनं फोड मोजतो, मी लिहिते. एका फॉर्मवर त्यानं पेशंटचं वय अंदाजानं लिहिलं तर मॅडमनी त्याच्याच हातानं तो फाडायला लावला. खरा पेशंट, समोर बघितलेला, त्याच्या तोंडचं उत्तर. बाकी काही चालत नाही.

त्याची उंची मी मोजलेली नाही. तो फोड नाहीये.

अक्षरा

*

लातूर, ५ जून २०२५

अक्षरा,

(हे पत्र मी निवृत्ती परीट लिहून राहिलो. अक्षर माझं, सांगणं संगमेश्वरचं. नमस्कार पोरी.)

मी स्वतः का लिहीत नाही असं तुला वाटेल. दुकानात लई काम हाय. (दुकान चार दिवस झाले मामाच बघून राहिलेत.)

काम असं की माझा एक मित्र हाय, रेणापूरचा. त्यानं डाव्या हातावर बिब्बा लावला. दोन दिवस काही झालं न्हाई, तिसऱ्या दिवशी हात दुधी भोपळ्याएवढा. खाजवलं, तोच हात तोंडाला लागला, मग तोंड सुजलं. उजव्या हाताची बोटं पण. (डोळे अजून पुरते उघडले न्हाईत.) मित्राचे. (मित्राचे.)

त्याची मामी खोबरं चोळून राहिलीय, आत्या म्हणते तीळ वाटून लावा. तू सांग काय लावायचं.

लावला कशाला म्हणशील, तर एका मुलीसाठी. म्हणजे तिच्या घरची, काका हे लिहू नका. (लिहू नका म्हणालं, म्हणून लिहिलं न्हाई.) तो पोरगा मनानं लई चांगला हाय. थोडा तापट हाय. (थोडा म्हणतंय.)

तुला पेशंट कमी पडत असतील तर याला घे. फक्त नाव विचारायचं न्हाई आणि फोटो काढायचा न्हाई.

संगमेश्वर

(पोरी, सुई माझी होती, पण मी दुपारी जेवायला घरी गेलतो तवाचं हे काम. माझ्यावर राग धरू नको. निवृत्ती.)

*

नांदेड, १० जून २०२५

संगमेश्वर,

तुझा मित्र खरा असेल तर आधी हे. खोबरं, तीळ, सगळं बंद. गार पाण्याच्या घड्या. खाजवायचं नाही, नखं कापायची. डोळ्याला सूज असेल तर आजच्या आज लातुरातल्या डॉक्टरला दाखवायचं, पत्राची वाट बघत बसायचं नाही.

आता माझं. मी मूर्ख आहे का?

एकोणतीस झाले. एक राहिलाय, वीस दिवस आहेत. आणि बरोब्बर आता तुला रेणापूरचा एक मित्र सापडतो, ज्याला नाव नाही आणि फोटो चालत नाही. तुझे मित्र तीन. दोघांशी तुझं बोलणं बंद आहे आणि तिसरा पुण्याला आहे. रेणापूरचा चौथा कुठनं उगवला? तू माझ्यासाठी पेशंट तयार केलास. लक्षणं माझ्याच फॉर्मवरनं उचललीस. आणि तुला लिहायचाही कंटाळा, म्हणून निवृत्तीकाकांना कामाला बसवलंस. सुईचं काय ते मला कळलं नाही, पण त्या म्हाताऱ्या माणसालाही तू त्यात ओढलंस.

मी एकोणतीसवर थांबेन. खोटा तिसावा घेऊन हैदराबादला उभी राहणार नाही. तुला वाटलं मी खूश होईन, याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि कुणा मुलानं खरंच मुलीसाठी स्वतःचं अंग असं उतवून घेतलं असेल, तर त्या मुलीनं त्या हाताचं काय करायचं? असा कुणी माझ्यासमोर आला तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

अक्षरा

*

लातूर, १३ जून २०२५

अक्षरा,

अक्षर वाकडंतिकडं आहे, बोटं अजून वळत नाहीत. तरी आज मीच लिहितोय.

तुझं पत्र वाचून फोन घेतला होता आपटायला. मग तो मामाचा आहे हे लक्षात आलं.

मी खोटा पेशंट तयार केला नाही. बुधवारी, अठरा तारखेला, तो दवाखान्यात येईल. त्याचं तोंड, त्याचा हात, त्याचं नाव, सगळं मॅडमनी बघावं. तू त्याच्याशी बोलणार नाहीस म्हणालीस. नको बोलू. पण तुझे तीस झाले पाहिजेत.

नांदेडला यायचं नाही म्हणाली होतीस. हे एवढं मोडतो.

संगमेश्वर

*

नांदेड, १९ जून २०२५

संगू,

काल मला बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

तुझा नंबर तेहतीस होता. अकरा वाजल्यापासून तू बाकावर बसलेला दारातनं दिसत होतास. एक डोळा बारीक, गाल एका बाजूला पपईसारखा, अंगात या उन्हात पूर्ण बाहीचा शर्ट. मी आधी ओळखलंच नाही. मग तू कपाळावरचा घाम खांद्यानं पुसलास, ते तसं तूच पुसतोस. माझ्या हातातली फाईल खाली पडली. मॅडमनी मागं वळून बघितलं.

कंपाउंडरनं तुझ्या आधी ओळखीचे दोघं आत सोडले. मी मनात म्हटलं, आता. आता आवाज चढणार. तू पाय बदललास आणि बसून राहिलास. दीड वाजता आत आलास आणि माझ्याकडं न बघता मॅडमना म्हणालास, "रेणापूरचा मित्र म्हणजे मीच. संगमेश्वर, लातूर."

बाही वर केलीस. आदर्शनं तुझा हात धरला, पट्टी लावली, "सात सेंटिमीटर." आणि तू त्याला म्हणालास, "कोपराजवळ पण हाय, ते राहिलं." मी हे अजून आठवून बघते तर खरं वाटत नाही.

मग फॉर्म. विचारायचं मीच. "वय?" "तुला म्हाईत हाय." मॅडमनी वर बघितलं. "एकवीस." "बिब्बा कशासाठी वापरला? औषध, दृष्ट, कपड्यावर खूण, कामधंदा, इतर." तू म्हणालास, इतर. मॅडम म्हणाल्या, इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं. तू वर केलेली बाही पुन्हा खाली ओढलीस. मग खाली बघून म्हणालास, "परटाची खूण काढली. हिच्या घरची. कुठं हरवलो तर कुणाच्या घरी पोचवायचं ते ठावं असावं म्हणून."

आदर्श खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मॅडमनी पेन ठेवलं. "तुम्ही हिला ओळखता?" हाव. "आमचा अभ्यास कशावर आहे हे आधीपासून माहीत होतं?" हाव, दहा फॉर्म मीच भरलेत. मॅडमनी माझ्या हातातनं फॉर्म घेतला आणि त्यावर तिरकी रेघ ओढली. अभ्यासात काम केलेला, अभ्यास करणारीच्या ओळखीचा आणि अभ्यासामुळंच उतलेला, असा पेशंट धरता येत नाही. औषध लिहून दिलं, उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं, आणि तुला जाऊ दिलं. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलं. सुजेतूनसुद्धा दिसत होता.

एकोणतीसच जाणार. मॅडम म्हणाल्या, एकोणतीस खरे असले तर हैदराबादवाले ऐकून घेतात. काल तू गेल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "पेशंट बाद केला. माणूस तू बघ."

मी तुला खोटारडा म्हटलं, ते मागं घेते. म्हणजे तू खोटं बोललासच, पण मी समजले तसलं खोटं ते नव्हतं. माफ कर.

आता हाताचं. ती खूण मी लगेच ओळखली, लहानपणी प्रत्येक फ्रॉकच्या आत बघितलीय. आमची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि वर दोन ठिपके. तुझ्या हातावर रेघ आहे आणि ठिपके तीन. मी आईला फोन करून खात्री केली. तीन ठिपके मल्लिनाथ वकिलांच्या घरचे. तू हरवलास तर निवृत्तीकाका तुला वकिलांकडं नेऊन पोचवतील. वकिलांना मुलगी नाही. दोन म्हशी आहेत.

मी कालपासून एकटीच हसतेय, आणि मधूनच रागही येतो. दोन्ही खरं आहे. डोळ्यात गेलं असतं तर काय केलं असतंस? मी अशा मुलाशी बोलणार नाही म्हटलं होतं. ते अर्धं मागं घेते. खूण नको मला, संगू. कुणाच्या अंगावर माझी खूण असावी असं मला वाटत नाही, आणि मी कुणाच्या घरचा सदरा नाही. डाग पूर्ण जाऊ दे. मग स्वच्छ हातानं ये आणि जे विचारायचंय ते तोंडानं विचार. उत्तर काय देईन ते आज सांगत नाही, मलाच ठाऊक नाही. पण विचारलेलं मला आवडेल.

मलम सकाळ-संध्याकाळ, पातळ थर.

अक्षरा

*

लातूर, १२ जुलै २०२५

अक्षरा,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, पुन्हा सतरावर गाडी जाईल.

सूज उतरली. दोन्ही डोळ्यांनी बघून लिहितोय. हात आता तपकिरी झालाय, साखराबाई म्हणाल्या जळक्या भाकरीसारखा. उन्हात जायचं नाही म्हणून गोलाईत मामीची छत्री घेऊन फिरतो. छत्री गुलाबी आहे, तिला झालर आहे. लोक हसतात. कुणाशी भांडलो नाही. एकाशी भांडलो, पण हळू आवाजात, त्यामुळं त्याला ते कळलंच नाही.

तिसरा ठिपका मी काढला नव्हता. सुई हलली आणि तेल ओघळलं. निवृत्तीकाकांना हात दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "वकिलांचा दिसतोय." त्या दिवसापासून वाटेत वकीलसाहेब भेटले की मी नमस्कार करतो. त्यांना वाटतं माझी काही केस आहे.

तुझं म्हणणं कळलं. सदऱ्याचं पण कळलं. मी कुठं पोचायचं याचाच विचार केला, तुला कुणी यायला हवंय का ते विचारलंच नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

उमादेवी मॅडमना परवा पुन्हा दाखवून आलो. तू कॉलेजला गेलेली होतीस, मी वेळ बघूनच गेलो होतो. विचारलं, डाग कधी जाईल? म्हणाल्या, सहा महिने, कुणाला वर्षही लागतं. लवकर जायला काही जोराचं मलम? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, घासलं की वाढेल. मी म्हटलं, मग राहू दे.

आज सकाळी उजेडात हात धरून बघितलं. वकिलांचा ठिपका जवळजवळ गेलाय. बाकीचे दोघं अजून आहेत. ते जाईपर्यंत थांबतो.

संगमेश्वर